वाऱ्याची वीज आणि जमिनीचा सातबारा : पवनऊर्जा प्रकल्पांना होणाऱ्या स्थानिक विरोधाचा आढावा

पवनऊर्जेला स्थानिक लोक विरोध का करतात, या प्रश्नाचा अभ्यास प्रथम युरोप-अमेरिकेत झाला, आणि त्यामुळे या विषयाची परिभाषाही तिकडच्याच अनुभवातून घडली. त्या परिभाषेतला सर्वांत प्रचलित शब्दप्रयोग म्हणजे ‘माझ्या अंगणात नको’. पवनचक्की ही चांगली गोष्ट आहे हे मान्य करायचे, पण ती आपल्या दारासमोर उभी राहू द्यायची नाही, अशा दुटप्पी वृत्तीचे हे वर्णन आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत समुद्रात १३० पवनचक्क्या उभारण्याचा केप विंड प्रकल्प २००१ साली पुढे आला आणि किनाऱ्यावर बंगले असलेल्या धनिकांच्या विरोधामुळे व कोर्टकज्ज्यांमुळे रखडत रखडत २०१७ साली गुंडाळला गेला, तेव्हा हे वर्णन चपखल वाटले असल्यास नवल नाही. मात्र मार्टेन वोल्सिंक या डच अभ्यासकाने ही कल्पना फार पूर्वीच अपुरी ठरवली होती. लोकांच्या विरोधामागे स्वार्थापेक्षा निर्णयप्रक्रियेतील अन्यायाची जाणीव अधिक असते, असे त्याचे प्रतिपादन होते. २००७ साली त्याने आणि दोन सहकाऱ्यांनी सामाजिक स्वीकृतीचे तीन स्तर मांडले : धोरणाच्या पातळीवरची स्वीकृती, बाजाराची स्वीकृती आणि प्रकल्प जिथे उभा राहतो त्या वस्तीची स्वीकृती. महाराष्ट्रात पहिल्या दोन स्तरांवर पवनऊर्जेला फारशी अडचण आली नाही. तिसऱ्या स्तरावर जे घडले ते पाहू गेल्यास असे दिसते की सह्याद्रीच्या पठारांवर आणि बालाघाटाच्या माळांवर पात्यांना विरोध क्वचितच झाला, विरोध झाला तो ती पाती ज्या व्यवहारातून आली त्या व्यवहाराला. इथे अंगणाच्या सौंदर्याविषयी वाद नव्हता, अंगण कोणाचे हाच वाद होता.

राज्यातील पहिला प्रात्यक्षिक प्रकल्प १९९४ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडजवळ जामसंडे येथे महाऊर्जा या सरकारी संस्थेने उभारला. त्याची क्षमता अवघी दीड मेगावॅट होती, आणि त्याच्याभोवती वादापेक्षा कुतूहलच अधिक जमले. खरी उभारणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यात सुरू झाली. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळचे ठोसेघर-चाळकेवाडी ही पठारे बघता बघता पवनचक्क्यांनी भरून गेली, आणि एके काळी वनकुसवड्याची गणना आशियातील सर्वांत मोठ्या पवनक्षेत्रांत होऊ लागली. या वेगाचे कारण वाऱ्यात होते तितकेच आयकर कायद्यातही होते. यंत्रसामग्री दरवर्षी झिजते असे धरून तिच्या किमतीचा काही भाग करपात्र नफ्यातून वजा करता येतो. त्याला घसारा म्हणतात. पवनचक्कीसाठी हा घसारा प्रारंभी पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के दराने मिळत असे. साहजिकच कापड, औषधे किंवा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांनी ३१ मार्चपूर्वी चक्की उभी करून कर वाचवण्याचा सपाटा लावला. चक्की किती युनिट वीज देते यापेक्षा ती वेळेत उभी राहते की नाही याला महत्त्व आले, आणि जमीन मिळवण्याची घाई या महत्त्वातूनच जन्मली.

ही जमीन कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष उमगत नाही. पश्चिम घाटाच्या माथ्यावरील जांभ्या खडकाच्या सपाट पठाराला स्थानिक लोक सडा म्हणतात. सडावाघापूर या गावाच्या नावातच तो आहे. सड्यावर मातीचा थर इंचा-दोन इंचांचा असतो, झाडे जवळजवळ नसतात, पावसाळ्यात गवत आणि रानफुले येतात आणि उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ उरतो. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद पोटखराब, पड किंवा गायरान अशी असते, आणि दप्तर वाचणाऱ्याला ती रिकामी वाटते. गावाच्या लेखी मात्र तीच जमीन चार महिन्यांची गुरचराई, नाचणी-वरीची तुटपुंजी शेती, शेजारच्या वाडीला जाणारी पायवाट आणि खालच्या झऱ्यांचे पाणी असते. त्याच सातारा जिल्ह्यातील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. एकाच जातीच्या दोन कातळांपैकी एकाला कुंपण व प्रवेशशुल्क लाभले आणि दुसऱ्याला काँक्रीटचे चौथरे मिळाले, हा निव्वळ भूगोलाचा भाग नाही.

व्यवहाराचे स्वरूप साधारण ठरलेले होते. कंपनी स्वतः दारात येत नसे, गावातलाच किंवा तालुक्यातला एखादा मध्यस्थ येत असे. डोंगरी गावांतल्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या न झाल्यामुळे एका गटात दहा-बारा खातेदार असतात. त्यांतले दोघे-तिघे मुंबईत माथाडी कामगार, एक मयत होऊनही वारसनोंद न झालेला, एक बहीण लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, आणि प्रत्यक्ष जमीन राखणारा एखादाच. मध्यस्थाला सर्वांची सही लागत नसे. मुंबईतल्या एका हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा लिहून दिला की गटात शिरकाव होई, आणि कोणत्या बाजूचे क्षेत्र विकले गेले हे चौथऱ्याचा खड्डा खणला गेल्यावर गावाला कळे. त्या काळच्या सड्याला बाजारभाव असा नव्हताच, त्यामुळे खरेदीची रक्कम किरकोळ असे. पुढे त्याच चक्कीतून वर्षाला किती रुपयांची वीज निघते याची चर्चा गावात पोहोचली, तेव्हा फसवले गेल्याची भावना खरेदीखताइतकीच पक्की झाली. पाटण तालुक्याच्या बाबतीत या भावनेला आणखी एक घडी आहे. कोयना धरणाने १९६० च्या दशकात खोऱ्यातील गावे उठवली, १९८५ साली कोयना अभयारण्य आले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पाण्याच्या विजेसाठी खालची जमीन दिलेल्या, जनावरांसाठी मधले जंगल सोडलेल्या लोकांकडे वाऱ्याच्या विजेसाठी माथ्यावरचा सडा मागितला गेला.

विरोधाची सर्वांत थट्टा झालेली तक्रार म्हणजे पवनचक्क्या पाऊस पळवतात ही. सांगली, सातारा, धुळे या जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त भागांत दुष्काळाच्या वर्षी ही समजूत जोराने पसरली आणि चक्क्या बंद ठेवण्याची मागणीही झाली. शास्त्रदृष्ट्या तिला आधार नाही. मोसमी ढग आणि त्यांना वाहून आणणारे बाष्पयुक्त प्रवाह यांचा पसारा कित्येक किलोमीटर उंचीचा असतो, आणि त्या काळच्या चक्कीचे पाते जमिनीपासून शे-दीडशे मीटरपर्यंतच पोहोचत असे. तथापि ही समजूत अडाणीपणाची म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. ज्या माणसाला प्रकल्पाविषयी कोणी काही सांगितलेले नाही, ज्याची हरकत नोंदवण्यासाठी कोणतीही सभा झालेली नाही आणि ज्याच्या डोळ्यांसमोर ढग येऊन न बरसता पुढे जात आहेत, तो आपल्या अनुभवाला मिळेल त्या भाषेत बोलतो. पावसाची तक्रार खोटी होती, पण तिच्या मागे उभी असलेली तक्रार खरी होती, आणि पहिलीचे खंडन झाल्यावर दुसरीही निकालात निघाली असे समजण्यात प्रशासनाने सोय पाहिली.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात प्रश्नाचे रूप अधिक कठोर होते, कारण तिथली जमीन वनखात्याची होती आणि ती कसणारे भिल्ल व कोकणा आदिवासी होते. २००० नंतरच्या दशकात सुझलॉन कंपनीच्या प्रकल्पासाठी तिथली वनजमीन वळती करण्यात आली. वन संवर्धन अधिनियम १९८० नुसार केंद्राच्या मंजुरीने वनजमीन अन्य कामाला देणे, याला वळती करणे म्हणतात. कागदोपत्री ही जमीन वृक्षहीन व विनावापर असली तरी प्रत्यक्षात तिच्यावर बाजरी-नागलीची पिके होती, आणि ती कसणारे दंडाच्या पावत्या जपून ठेवत होते. अतिक्रमण केल्याबद्दल वनखात्याने दिलेली पावती हाच वहिवाटीचा एकमेव लेखी पुरावा ठरतो, हे आदिवासी भागातले जुने विडंबन आहे. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने इथे प्रकल्पाविरुद्ध दीर्घ लढा दिला. दरम्यान वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासींचा हक्क त्याने मान्य केला, आणि ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. साक्रीतील संघर्ष पवनऊर्जेच्या बाजूचा की विरुद्धचा, असा प्रश्न विचारणेच चूक ठरेल. हक्काची नोंद आधी की चक्कीचा चौथरा आधी, या क्रमाचा तो संघर्ष होता.

पुणे जिल्ह्यात खेड व मावळ तालुक्यांच्या डोंगरांवर, भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात एनरकॉन कंपनीचा प्रकल्प आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला सादर केलेल्या अहवालात त्याची सविस्तर दखल घेतलेली आहे. या प्रकल्पासाठी १९४ हेक्टरांहून अधिक वनजमीन देण्यात आली होती. शेकरूचा वावर असलेल्या आणि भरपूर पावसाच्या त्या जंगलात अवजड यंत्रे नेण्यासाठी डोंगर कापून रस्ते काढले गेले, कापलेला मुरूम उतारावरच लोटला गेला आणि पहिल्या पावसाबरोबर तो ओढ्यांत व खालच्या शेतांत उतरला. स्थानिक वनक्षेत्रपालाने प्रतिकूल अभिप्राय दिला असतानाही वरिष्ठ पातळीवर मंजुरी मिळाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर जा-ये करणाऱ्या रहिवाशांना कंपनीच्या फाटकांपाशी अडवले गेले, ही त्या अहवालातली निरीक्षणे मूळ प्रश्नाला हात घालणारी आहेत. पवनऊर्जेच्या हानीचा हिशेब करताना चक्कीच्या पायथ्याची जागा मोजली जाते. परंतु डोंगराळ प्रदेशात खरा घाव रस्त्याचा असतो. आजच्या चक्कीचे एक पाते साठ-सत्तर मीटर लांब असते, ते मधे तुटत नाही की वळत नाही, आणि ते घेऊन घाटाचे वळण पार करायचे तर वळणच रुंद करावे लागते. त्या रुंदीकरणाखालचे भातखाचर कोणत्याही प्रकल्प अहवालात ‘बाधित’ म्हणून येत नाही.

माधव गाडगीळ हे पुण्याचे, पण त्यांची कर्मभूमी बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, जिथे त्यांनी परिसरविज्ञान केंद्राची स्थापना केली. या विषयातला दुसरा महत्त्वाचा अभ्यासही त्याच केंद्रातून आला. मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या जागी शिकारी पक्ष्यांची संख्या सुमारे चौपटीने कमी आढळली, आणि भक्षक घटल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची घनता वाढली. पण हे सरडे शरीराने कृश, कमी भडक रंगाचे आणि माणूस जवळ आला तरी उशिरा पळणारे झाले होते. या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सराडा सुपर्बा’ असे असून २०१६ साली वेगळ्या ठरवलेल्या ‘सराडा’ या वंशाला मराठीतल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच नाव देण्यात आले आहे. चक्की ही अन्नसाखळीच्या टोकावर बसलेला एक नवा भक्षक असल्यासारखी वागते, असे या निष्कर्षाचे सार सांगता येईल. पठार रिकामे आहे या महसुली गृहीतकाला इतके नेमके उत्तर कोणत्याही मोर्चाने दिले नव्हते.

अशा अभ्यासांना निर्णयप्रक्रियेत जागा का मिळत नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना पवनऊर्जा प्रकल्पांना लागू होत नाही. म्हणजे आघाताचा अहवाल नाही, आणि त्या अहवालाशी जोडलेली जनसुनावणीही नाही. २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची प्रदूषणानुसार रंगवार विभागणी केली तेव्हा पवनऊर्जा सर्वांत निरुपद्रवी अशा पांढऱ्या गटात गेली. धुराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण धूर नाही म्हणून सुनावणीही नाही, ही उडी अनाकलनीय आहे. त्याच वर्षी नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वस्तीपासून ५०० मीटरांचे अंतर राखण्याची मार्गदर्शक सूचना काढली, तीही आवाजाच्या त्रासापुरती. सकाळ-संध्याकाळी तिरप्या उन्हात फिरणाऱ्या पात्यांची सावली घरावरून सरकत राहते, त्या चमचमाटाचा त्रास युरोपात मिनिटांनी मोजला जातो; आपल्याकडे त्याला शब्दही रूढ झालेला नाही.

२०१७ पासून चित्र बदलले. वीज ठरावीक दराने विकत घेण्याची पद्धत मागे पडून बोली लावण्याची पद्धत आली, आणि त्या वर्षी फेब्रुवारीतील पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर घसरला. नफ्याचे अंतर आकसले, चक्क्या दोन-तीन मेगावॅटच्या झाल्या, आणि प्रकल्प सह्याद्रीचा माथा सोडून बीड, धाराशिव, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या माळरानांवर पसरले. इथे जमीन खाजगी आहे, बहुधा भाडेपट्ट्याने घेतली जाते आणि शेतकऱ्याला तिच्या दराची माहिती आहे. तरीही तंटे कमी झाले नाहीत, उलट त्यांची जात बदलली. जमीन गोळा करणे, रस्ता काढणे, मुरूम पुरवणे, पहारा ठेवणे ही सारी कामे स्थानिक ठेकेदारांकडे सोपवली जातात, आणि प्रकल्पाला होणारा विरोध शमवणे हेही त्यांतलेच एक न लिहिलेले काम असते. एका शेताला जास्त आणि शेजारच्या शेताला कमी मोबदला का, याचे उत्तर देणारा कोणी जबाबदार अधिकारी गावात नसतो. तारांचा प्रश्न तर आणखी किचकट आहे, कारण विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ खाली अधिकार मिळाल्यास जमीन संपादित न करताच मनोरे व तारा नेता येतात. त्यासाठी केंद्राने २०१५ साली मनोऱ्याच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत मोबदला सुचवला होता. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. नऊ वर्षांत झालेली ही वाढ म्हणजे आधीच्या तक्रारींना मिळालेली मूक कबुलीच होय.

या ठेकेदारी व्यवस्थेचे टोक बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात दिसले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. तपासयंत्रणेच्या आरोपपत्रानुसार या गुन्ह्याचा संबंध एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीशी आहे, आणि तीन दिवस आधी प्रकल्पस्थळी झालेल्या मारहाणीत देशमुख यांनी मध्यस्थी केली होती. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्यातील आरोपांविषयी इथे अधिक म्हणता येणार नाही. स्थानिक विरोधाच्या चर्चेत मात्र या घटनेमुळे एक अडचणीचा भेद स्पष्ट होतो. प्रकल्प अडवणारे सगळेच गावाच्या वतीने अडवत नसतात. काही जण अडवण्याचाच व्यवसाय करतात, आणि खरी तक्रार असलेला शेतकरी कंपनी व खंडणीखोर या दोघांच्या कैचीत सापडतो. तक्रार ऐकून घेणारी अधिकृत जागाच नसेल, तर ती जागा दहशतीने भरून निघते.

विजेचा प्रवास शेवटपर्यंत पाहिला तर तो शहरात संपतो. शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण घ्या. तिथल्या पवनचक्क्या गदग, चित्रदुर्ग, विजयपुरा, कोप्पळ या कोरड्या जिल्ह्यांत आहेत, आणि विजेची मोठी मागणी बेंगळुरूची आहे. मुक्त प्रवेश, म्हणजे वितरण कंपनीला वगळून थेट उत्पादकाकडून वीज घेण्याची मुभा, पूर्वी एक मेगावॅटच्या ग्राहकापासून पुढे होती. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे बेंगळुरूच्या कोरमंगलासारख्या भागातील एखादी मध्यम आकाराची कार्यालयीन इमारतही आता दूरच्या माळावरची वीज घेऊन स्वतःला हरित म्हणवू शकते. कोरमंगला ही मूळची वाडीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिचे आखीव वसाहतीत रूपांतर झाले, आणि पुढे निवासी गल्ल्यांत शिरलेली मद्यगृहे, उपाहारगृहे व कार्यालये यांविरुद्ध तिथल्या रहिवासी संघटना वर्षानुवर्षे महापालिका व न्यायालयापुढे भांडत आल्या. २०१६ साली पोलादी उड्डाणपुलाला बेंगळुरूकरांनी केलेला विरोध तर पुढच्याच वर्षी सरकारला प्रकल्प मागे घ्यायला लावणारा ठरला. या विरोधांना नागरी जागरूकता म्हटले गेले, आणि ते योग्यच होते. पण आपल्या गल्लीचा वापर आपल्याला विचारल्याशिवाय बदलू नये ही कोरमंगलातील मागणी आणि आपल्या सड्याचा वापर आपल्याला विचारल्याशिवाय बदलू नये ही पाटणमधील मागणी यांत तत्त्वतः फरक नाही. फरक इतकाच की पहिल्या मागणीपाशी वकील, वृत्तपत्र आणि नकाशा वाचता येणारा शेजारी असतो.

जगातील उदाहरणांपैकी आपल्याला जवळची कोणती, हे यावरून ठरवता येते. केप विंड आपल्या कामाचे नाही. नॉर्वेत फोसेन येथील चक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला, आणि त्याच महिन्यात केनियातील न्यायालयाने तुर्काना सरोवराजवळच्या प्रकल्पाचे जमीनहक्क नियमबाह्य ठरवले. साक्रीच्या आदिवासीला या दोन्ही खटल्यांतली भाषा ओळखीची वाटेल. डेन्मार्कने वेगळी वाट काढली. तिथे सुरुवातीच्या कित्येक चक्क्या गावकऱ्यांच्या सहकारी मालकीच्या होत्या, आणि २००८ च्या कायद्याने प्रकल्पातील किमान २० टक्के हिस्सा परिसरातील रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले. ही तरतूद पुढे बदलली गेली, तरी मालक शेजारीच राहतो ही सवय लोकांना लागली होती. साखर, दूध आणि सूतगिरण्या सहकारात उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना सुचायला हवी होती. प्रवरानगरच्या कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, आणि त्यांच्याच मुलाला, म्हणजे माधव गाडगीळांना, साठ वर्षांनी भीमाशंकरच्या डोंगरात कंपनीच्या फाटकांची नोंद करावी लागली. शेतकऱ्यांच्या मालकीची पवनऊर्जा संस्था हा प्रयोग मात्र इथे रुजला नाही. उसाला लागणारे भांडवल हंगामाहंगामाने जमते, चक्कीला ते एकदम लागते, आणि घसाऱ्याची सवलत ज्याला आधीच भरपूर नफा आहे त्यालाच उपयोगी पडते. अल्पभूधारकाला कर भरायचाच नसल्याने सवलतीचा उपयोग शून्य.

आता साताऱ्याच्या पठारांवरील पहिल्या पिढीच्या चक्क्या आयुष्याच्या अखेरीला आल्या आहेत. त्या उतरवून त्याच वाऱ्यावर कमी संख्येने पण कित्येक पट मोठ्या चक्क्या उभारण्याचे केंद्राचे धोरण २०१६ साली आले आणि २०२३ साली सुधारले गेले. मोठ्या चक्कीला रुंद रस्ता आणि अधिक अंतर लागते, म्हणजे जुने चौथरे सगळेच पुन्हा वापरात येणार नाहीत. वनकुसवड्याच्या सड्यावर असे कित्येक चौथरे आहेत, ज्यांचे काँक्रीट कातळात कित्येक फूट खोल गेलेले आहे. ते उपसून काढणे कोणाच्या खर्चाने, आणि चक्की गेल्यावरही सातबाऱ्यावर राहिलेले कंपनीचे नाव कोणत्या फेरफाराने कमी होणार, याचा निर्णय त्या गटातल्या दहा-बारा खातेदारांच्या पुढच्या पिढीला तलाठ्याच्या टेबलासमोर उभे राहून मागावा लागणार आहे.